मळ्याचें चित्र

आमचें आजोळ वाईच्या पूर्वेस, कृष्णेपासून कोसभर आंत आहे. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणांत आम्ही तेथें गेलों असतां मामांनीं जेवतां जेवतां सांगितलें कीं, खालचा मळा विकावयाचें जवळजवळ ठरलें आहे. दोन्ही मुलें पुण्यास स्थायिक झालेलीं, स्वतःचे गुडघे थकलेले, आणि विहिरीवरची मोटार दर पंधरवड्यास रुसणारी. तेव्हां या निर्णयाविरुद्ध बोलण्यासारखें आमच्याजवळ कांहीं नव्हतें. "तुझ्याकडं मोठा क्यामेरा हाय न्हवं?" मामा म्हणाले, "मग एक झ्याक फोटू काढ मळ्याचा. सोप्यात लावू. मळा गेला तरी भितीवर ऱ्हाईल." हें ऐकून आम्हांला मनांतून आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे. मळा जाणार याचें दुःख होतेंच. परंतु वीस वर्षें हौसेनें गळ्यांत बाळगलेल्या कॅमेऱ्यास एकदां कोणीतरी काम सांगितलें, हा आनंद त्या क्षणीं दुःखाहून थोडा मोठा ठरला.

त्याच दुपारीं आम्हीं मळ्यांत जाऊन चाळीसएक छायाचित्रें काढलीं. बांधावर उभें राहावें, कॅमेरा डोळ्यास लावावा, समोर जें जें सुंदर दिसेल तें सर्व चौकटींत कोंबावें आणि कळ दाबावी, ही आमची तेव्हांची रीति. घरीं येऊन संगणकावर पाहतों तों सगळींच चित्रें मलूल! श्रावणांतील दुपारचा उजेड ढगांतून गाळून आलेला असतो. त्याला दिशा नसते, म्हणून पदार्थांना सांवली नसते, आणि सांवली नसली म्हणजे झाड, बांध आणि डोंगर हीं सर्व एकाच कागदावर चिकटवल्यासारखीं दिसतात. हें आज आम्ही शहाणपणानें सांगत आहों. त्या दिवशीं मात्र दोष रंगाचा आहे असें समजून आम्हीं रंग गडद करण्याची पट्टी उजवीकडे सरकविली. ऊंस हिरवा होता तो हिरवागार झाला. आणखी थोडी सरकविली तों त्याला राघूच्या पंखाचा रंग आला. आभाळ फिकें होतें तें निळें केलें. मग छपाईच्या एका दुकानांत तें चित्र दिलें. तेथील मनुष्यानें आम्हांस न विचारतां आपल्या पदरचा आणखी थोडा रंग त्यावर चढविला. गिऱ्हाइकांना असेंच आवडतें, हा त्याचा खुलासा आम्हीं नंतर ऐकला. आणि खरें सांगावयाचें तर तें चित्र पाहून आम्हांलाहि तेव्हां आवडलेंच होतें.

मामींनीं तें हातांत घेतलें, लांब धरलें, जवळ धरलें, आणि शेवटीं उठून दाराशीं उजेडांत नेलें.

"झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "कुठलं गाव म्हनायचं हे?"

ज्या मळ्यांत त्यांनीं पन्नास वर्षें खुरपें चालविलें तो त्यांस ओळखूं येऊं नये, याचें कारण आम्हीं ताबडतोब शोधून काढलें. मामींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. मोतीबिंदूनें डोळ्यांतलें भिंग नुसतें गढूळ होत नाहीं, तें पिवळें-तपकिरी होत जातें, आणि प्रकाशांतील निळा भाग आंत शिरूं देत नाहीं. फ्रेंच चित्रकार मोने याची हीच अवस्था झाली होती. म्हातारपणीं त्याच्या बागेच्या चित्रांत तांबूस आणि तपकिरी रंग माजत गेले. १९२३ सालीं उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला जग एकदम निळें दिसूं लागलें आणि तो त्याचीहि तक्रार करूं लागला. मोनेची जी गत, तीच आमच्या मामींची, अशी मनाची समजूत घालून आम्हीं तें चित्र गुंडाळून कपाटावर ठेविलें.

दिवाळीनंतर साताऱ्यास मामींच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां त्या अंगणांत उभ्या राहून एकदां एक डोळा झांकीत, एकदां दुसरा. दोरीवर मामांचें धोतर वाळत होतें. "ह्या डोळ्यानं पांढरं, ह्या डोळ्यानं हळदीवानी!" असें म्हणून त्या लहान मुलीसारख्या हांसल्या. मग दक्षिणेकडे वळून वैराटगडाकडे पाहत उभ्या राहिल्या. "निळा हाय की रं डोंगुर! मला वाटलं, म्हातारपनी डोंगुर बी मळकं हुत्यात." आम्हीं त्यांच्या आनंदांत भाग घेतला, परंतु आमच्या पोटांत धस्स झालें, कारण पुढें काय होणार हें उघड होतें. संध्याकाळीं मामींनीं कपाटावरचें चित्र मागून घेतलें आणि नव्या डोळ्यानें पाहिलें.

"ह्यात डोंगुर असला कशापायी रं?"

श्रावणांत डोंगर हिरवाच असतो, असें आम्हीं भीत भीत सुचविलें.

"हिरवा असतोय की. पर शेताचा हिरवा येगळा, डोंगराचा येगळा. ह्यो तर उसात उगावल्यावानी दिसतोय. आन आपली हीर कुठाय?"

छायाचित्रणावर आम्हीं आजवर जेवढीं पुस्तकें विकत घेतलीं त्यांतल्या कोणत्याहि पुस्तकानें आमच्या चित्राचे दोष इतक्या थोड्या शब्दांत सांगितले नसते. पहिला दोष रंगाचा, दुसरा रचनेचा. आणि दोन्हींचें मूळ एकच, तें असें कीं आम्हीं मळा पाहिलाच नव्हता.

रंगाचें आधीं सांगतों. दूरचा डोंगर निळसर दिसतो तो त्याच्या अंगच्या रंगानें नव्हे. आपल्या आणि डोंगराच्या मध्यें जी हवा असते तिचे कण प्रकाशांतील निळा भाग तांबड्यापेक्षां पुष्कळ अधिक विखुरतात. याची गणिती मीमांसा पुढें लॉर्ड रॅले म्हणून प्रसिद्धीस आलेल्या शास्त्रज्ञानें १८७१ सालीं केली. हवेचा थर जितका जाड तितका हा निळा पडदा दाट, म्हणून दोन मैलांवरच्या डोंगराचा हिरवा आणि पायाजवळच्या उसाचा हिरवा हे एक नसतात. लिओनार्दो दा विंचीनें चित्रकारांसाठीं केलेल्या टिपणांत या निळाईनें अंतर दाखवावें असें शतकें आधींच सुचविलें होतें. सपाट कागदाला जी खोली येते ती पुष्कळशी या फरकानें येते. आम्हीं पट्टी सरकवून सर्व हिरवे सारखेच भडक केले, त्याबरोबर मधली दोन मैल हवा नाहींशी झाली आणि मामी म्हणाल्या त्याप्रमाणें डोंगर उसांत येऊन उभा राहिला. रंग वाढविला, आणि त्यानें अंतर खाऊन टाकलें! गंमत अशी कीं, आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदक पाटीवर दर चार टिपक्यांपैकीं दोन हिरव्या रंगासाठीं राखून ठेविलेले असतात. ही योजना कोडॅक कंपनींतील ब्राइस बेयर या शास्त्रज्ञाची, १९७६ सालच्या पेटंटाची. मनुष्याचा डोळा हिरव्याच्या आसपास अतिशय तीक्ष्ण असतो म्हणून ती केलेली. म्हणजे हिरव्याची बारीक जाण यंत्रालाहि असते. आमच्या बोटालाच ती नव्हती.

आतां विहिरीचें. विहीर चित्रांत नव्हती याचें कारण आम्हीं ती जाणून वगळली होती. तिच्याशेजारीं मोटारीची सिमेंटची खोपटी आहे, तिच्यावर पत्रा, पत्र्यावर धोंडे, आणि बाजूला विजेचा किंचित् कललेला खांब. या अभद्र वस्तु चौकटीबाहेर राहाव्या म्हणून आम्ही बांधावरून सरकत सरकत अशा ठिकाणीं पोंचलों होतों कीं, जेथें कोणाचेंहि शेत आणि कोणाचाहि डोंगर एवढेंच शिल्लक राहिलें. खेड्याचें चित्र काढावयास जाणारा शहरी मनुष्य प्रथम खांब टाळतो, मग पत्रा टाळतो, मग मोटारसायकल टाळतो, आणि शेवटीं खेडेंच टाळून घरीं परततो.

ही खोड नवी नव्हे. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील रसिक प्रवासी खिशांत एक काळसर रंगाचा फुगीर आरसा बाळगीत. क्लोद या जुन्या फ्रेंच चित्रकाराच्या नांवानें तो ओळखला जाई. सुंदर देखावा आला कीं त्याच्याकडे पाठ करावयाची आणि आरशांत पाहावयाचें; मग सगळें दृश्य लहान, सौम्य, एका रंगांत मुरलेलें, थेट क्लोदच्या चित्रासारखें दिसे. टॉमस ग्रे हा कवि १७६९ सालीं सरोवरांच्या प्रदेशांत असाच आरशांत पाहत चालला असतां चिखलाच्या गल्लींत उताणा पडला. बोटांचीं पेरें तेवढीं सोलवटलीं. ग्रेच्या पडण्यास आम्हीं अनेक वर्षें हांसत आलों होतों. पण सृष्टीकडे पाठ करून रंगीत कांचेंत पाहणारा तो, आणि मळ्यांत उभें राहून कॅमेऱ्याच्या पाठीवरील तळहाताएवढ्या पडद्यांत पाहणारे आम्ही, यांत फरक एवढाच कीं आम्ही पडलों नाहीं.

रचनेचे नियम आम्हांस पाठ होते. चौकटीचे आडवे-उभे तीन तीन भाग करावे, क्षितिज मधोमध न ठेवतां वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या रेषेवर ठेवावें, हा नियम आज मोबाइल घेतलेल्या शाळकरी मुलासहि ठाऊक असतो. याचें नांव प्रथम ज्या पुस्तकांत आलें तें पुस्तक ग्रामीण देखाव्यांवरचेंच आहे: जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज खोदचित्रकाराचें, १७९७ सालचें. नियम वाईट नाहीं. पण तो तयार झाला तो प्रदेश लहान टेकड्यांचा, झाडोऱ्याचा, वळणाच्या गल्ल्यांचा. आमचा देश लाव्हाच्या आडव्या थरांनीं बनलेला. शेत सपाट, त्यावर पिकाची सपाट रेघ, त्यावर डोंगराचा सपाट माथा, त्यावर आभाळ. नियमानें क्षितिज कोठेंहि ठेवा, चित्र आपलें सतरंजीसारखें पट्ट्यापट्ट्यांचें येतें. शिवाय बांधावर उभें राहून पाहिलें म्हणजे एकरभर शेत चौकटींत बोटभर उंचीच्या चिरोट्याएवढेंच मावतें. पुढची ओळ मागच्या सर्व ओळी झांकून टाकते. वाफा, पाट, बांध, कांहीं दिसत नाहीं.

याला उपाय एकच, तो म्हणजे थोडें उंच जाणें. मामांच्या धाकट्या नातवानें त्यासाठीं आपलें उडतें यंत्र आणून चारशें फुटांवरून मळ्याचें चित्र काढून दिलें. तें फार स्वच्छ होतें. परंतु तें तलाठ्याकडच्या नकाशासारखें दिसे, आणि मामांनींहि तें तसेंच वाचलें. चष्मा लावून त्यांनीं बराच वेळ पूर्वेची हद्द न्याहाळली आणि गर्जना केली, "बघा! म्या म्हनत हुतो न्हवं, त्येनं बांध कोरलाय!" पुढचे दोन दिवस घरांत दुसरा विषय नव्हता. तें चित्र भिंतीवर लावण्याची कल्पना मामींनींच मोडून काढली. रोज उठून भांडणाचें तोंड पाहावयाचें कां, असें त्या म्हणाल्या.

तेव्हां आम्हीं, दीड वर्षापूर्वींच विचारावयास हवें होतें तें, मामांना विचारलें: मळा पाहावयाचा झाला तर तुम्ही कोठें उभे राहतां? मामांना हा प्रश्न चमत्कारिक वाटला. उत्तर न देतां ते काठी टेंकीत निघाले आणि विहिरीपाशीं मोटेच्या जुन्या धांवेवर जाऊन उभे राहिले. मोटा जाऊन पन्नास वर्षें झालीं. पण बैलांच्या पायांनीं घट्ट झालेला तो मातीचा उतार अजून आहे, थारोळ्याचा दगडहि जागेवर आहे. धांवेची जागा रानापेक्षां पुरुषभर उंच. तेथून पाहतांच सगळा मळा आमच्यासमोर उलगडला. उजव्या हाताशीं विहिरीची गोल कड, तिच्यापुढें थारोळें, थारोळ्यापासून निघालेला पाट तिरपा शेतांत उतरतो, हळदीच्या वाफ्यांना वळसा घालतो आणि शाळवाच्या रानांत दिसेनासा होतो. तेथून बांध उचलून घेतो आणि नजर थेट वैराटगडाच्या पायथ्याशीं नेऊन सोडतो. आडव्या पट्ट्यांना छेदणारी जी तिरपी रेघ आम्ही शोधीत होतों ती पाण्यानें कधींच आंखून ठेविली होती. पाणी सखल बाजूनेंच जाणार, आणि माणसाची नजरहि पाण्याच्या मागून जाण्यास राजी असते.

सिमेंटची खोपटी आणि कललेला खांब येथून टाळतां येत नव्हते. आम्हीं ते राहूं दिले. खांब उजव्या कडेला उभा राहिल्यामुळें चित्रास, नाहीं म्हटलें तरी, एक उभी रेघ मिळाली. डावी बाजू मात्र आम्हांस शेवटपर्यंत सुखानें झोंपूं देईना. तिकडे विहिरीच्या अलीकडे नुसतें मोकळें रान, कांहीं गवत, दोन धोंडे. कॅमेरा किंचित् उजवीकडे वळवावा तर डोंगराचा माथा कापला जाई. मागें सरावें तर धांव संपून आम्ही खालीं येऊं. मामांची बैलगाडी त्या कोपऱ्यांत आणून उभी केली, पण ती नाटकांतल्यासारखी दिसूं लागली, म्हणून परत नेली.

जागा मिळाली, पण वेळ मिळावयास आणखी कांहीं दिवस गेले. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या कांठीं राहून त्याच तळ्याचीं चित्रें निरनिराळ्या प्रहरीं काढीत, हें आम्हीं लहानपणापासून ऐकलें होतें. चित्रकारास विषयांची टंचाई होती कीं काय, असें त्या वेळीं वाटे. पौषांत आम्ही एक आठवडा आजोळीं मुक्काम करून रोज पहांटे धांवेवर जाऊन बसलों, तेव्हां त्या माणसाची श्रीमंती कळली. एक मळा सात दिवसांत सात वेळां निराळा झाला. दोन दिवस कृष्णेवरचें धुकें इतकें वर आलें कीं डोंगर नाहींसाच. एक दिवस आभाळ आलें. एक दिवस वारा सुटून पानें थरथरूं लागलीं आणि चित्रें हललीं. या दिवसांत सूर्य आग्नेयेकडून उगवतो. आम्ही दक्षिणेकडे तोंड करून बसलेले, म्हणजे ऊन डाव्या खांद्याच्या किंचित् पुढून येई. अशा तिरप्या उजेडांत निसवलेल्या शाळवाचें प्रत्येक कणीस वेगळें सुटतें, हळदीचें पिवळें पडत चाललेलें पान आंतून पेटल्यासारखें होतें, आणि प्रत्येक वाफ्याच्या कडेला एक बारीक सांवली पडून शेताची वीण दिसूं लागते. हें सर्व उगवतीपासून फार तर पाऊण तास. त्यानंतर मळा आहे तेथेंच असतो, पण त्यांतलें चित्र उठून गेलेलें असतें.

या पाऊण तासांत कॅमेरा आमच्याशीं दोन वेळां खोटें बोलला, आणि दोन्ही वेळां आम्हीं त्यास पकडलें याचा आम्हांस अजून अभिमान वाटतो. कॅमेऱ्याचें स्वयंचलित माप जगांतील प्रत्येक दृश्य सरासरीनें मध्यम राखी रंगाचें आहे असें गृहीत धरतें. आमची जमीन काळीभोर. अर्धें रान नांगरलेलें, त्यांत पाणी दिलेलें. कॅमेऱ्यास वाटलें उजेड कमी आहे, म्हणून त्यानें तो वाढवून काळी माती राखेसारखी करून टाकली. आम्हीं माप खालीं उतरविलें तेव्हां ती पुन्हां काळी झाली. धुक्याच्या दिवशीं हेंच उलट होई: पांढरें धुकें तो मळकट करी आणि आम्हांस उजेड वाढवावा लागे. दुसरें खोटें रंगाचें. प्रातःकाळचा पिवळा उजेड हा कॅमेऱ्याच्या लेखीं दोष असतो. पांढरें तें पांढरेंच दिसलें पाहिजे अशा समजुतीनें तो आपण होऊन त्यांत निळा मिसळतो आणि सकाळची दुपार करतो. ही आपोआप चालणारी दुरुस्ती बंद करून दुपारच्या उन्हाचें माप, साडेपांच हजार केल्विनच्या आसपास, कायम ठेविलें म्हणजे सकाळ सकाळीसारखी राहते. आणि प्रकाशाची कच्ची नोंद ठेविली तर घरीं येऊन शांतपणें हें सर्व पुन्हां जुळवितां येतें. उसाच्या व हळदीच्या पानांवर आभाळाची पांढरी तकाकी येते, तिनें हिरवा झांकला जातो. त्यासाठीं ध्रुवणाची कांच भिंगावर बसवून हळूहळू फिरविली. ती योग्य कोनांत आली कीं तकाकी उतरते आणि पानाचा स्वतःचा हिरवा खालून वर येतो. श्रावणांत जो रंग आम्ही बाहेरून ओतूं पाहत होतों तो पानांतच होता. वरची चकाकी काढावयाची होती, एवढेंच.

अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स याची एक कथा या मुक्कामांत आम्हांस वारंवार आठवे. १९४१ सालीं न्यू मेक्सिको प्रांतांतून मोटारीनें जात असतां हर्नांडेझ या खेड्यावर चंद्र उगवलेला आणि तेथील स्मशानांतील पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचें शेवटचें ऊन पडलेलें त्यास दिसलें. धांवपळींत प्रकाश मोजण्याचें यंत्र सांपडेना. चंद्राची उज्ज्वलता किती असते तो आंकडा त्यास तोंडपाठ होता. त्यावरून हिशेब करून त्यानें एक चित्र घेतलें, आणि दुसऱ्याची तयारी करीपर्यंत क्रुसांवरचें ऊन गेलें होतें. पुढें अनेक वर्षें तो या चित्राच्या प्रती काढीत राहिला, आणि उत्तरोत्तर आभाळ अधिकाधिक काळें करीत गेला. मग त्यानें केलें तें योग्य आणि आम्हीं श्रावणांत केलें तें अयोग्य, असें कां? या प्रश्नानें आम्हांस बरेच दिवस छळलें. आमच्या मतें भेद असा. काळी माती कॅमेऱ्यानें राखी केली, ती आम्ही काळी करतों, तेव्हां यंत्राची चूक दुरुस्त करतों. डोंगर पोपटी करतों, तेव्हां आपली चूक त्यांत भरतों. अॅडम्सचें काळें आभाळ या दोहोंत कोठें बसवावें हें सांगणें कठीण आहे. परंतु त्या खेड्यांतील एखाद्या म्हातारीला तें चित्र दाखविलें असतें तर ती काय म्हणाली असती, हें जाणण्याची उत्सुकता आम्हांस आहे.

सातव्या दिवशीं चित्र मिळालें. धुकें नदीच्या रेघेवरच थांबलें होतें, वारा नव्हता, आणि डोंगर मामींच्या नव्या डोळ्यास दिसला तसा निळा होता. एकच अडचण: डाव्या मोकळ्या कोपऱ्याकडून उन्हाची तिरीप सरळ भिंगांत शिरे आणि चित्रावर पांढुरकी साय धरे. एका हातानें टोपी आड धरून दुसऱ्या हातानें कळ दाबावी लागली.

छपाईस या वेळीं दुसरीकडे गेलों, आणि रंग न वाढविण्याची शपथ घालूनच कागद हातीं दिला. संगणकाचा पडदा स्वतः प्रकाशतो, कागद दुसऱ्याच्या उजेडावर जगतो, त्यामुळें पडद्यावर शोभलेलें चित्र कागदावर काळवंडतें. आमच्या आजोळच्या सोप्यांत उजेड येतो तो एका दारांतून. म्हणून तीन निरनिराळ्या उजळ छटांचे वीतभर तुकडे आधीं छापून घेऊन सोप्याच्या भिंतीवर टांचले, दिवसभर येतां जातां पाहिले, आणि त्यांतला मधला पसंत केला. कागद खडबडीत, बिनचकाकीचा घेतला; नाहींतर मळ्याऐवजीं दारच भिंतीवर दिसलें असतें.

चैत्रांत खरेदीखत झालें. त्याच्या आदल्या दिवशीं चित्र टांगलें. मामा समोर खुर्ची घेऊन बसले आणि कांहीं बोलले नाहींत. मामी जवळ गेल्या. आतां दोन्ही डोळे नवे होते. त्यांनीं बोट टेंकलें तें विहिरीच्या कडेवर. तेथून थारोळें, थारोळ्यापासून पाट, हळदीला वळसा घालून शाळू, बांध. बोट पाण्याच्याच वाटेनें गेलें. डोंगराशीं तें थांबलें. मग परत फिरून डाव्या रिकाम्या कोपऱ्यांत आलें आणि तेथेंच राहिलें.

"हितली चिच कुठाय?"

"कवाच तोडली की," मामा मागून म्हणाले. "मोटार बसवली त्या साली. खोपटाला लाकूड लागलं न्हवं का."

"व्हय," मामी म्हणाल्या. पण बोट उचललें नाहीं. "लई मोठी हुती. धावंवर हुबं ऱ्हायलं की सकाळच्याला डोळ्यावर ऊन येत नव्हतं."